खोदण्याआधी पाहा : संडासाच्या पाइपात कॅमेरा घालून दोष शोधायची रीत

संडासातलं पाणी उतरेनासं झालं, की घरात सगळ्यात आधी सब्बल आणि कुदळ शोधली जाते. अंगणातली फरशी निघते, ओट्याचा कोपरा फुटतो, तिथं काही सापडलं नाही की चार हात पुढं दुसरा खड्डा. शेवटी दोष सापडतो तो वीतभर जागेत, आणि फोडलेली फरशी असते वीस फुटांची. ती वीतभर जागा आधीच कळावी म्हणून पाइपात कॅमेरा घालतात. कॅमेरा घालणं फारसं अवघड नाही. त्यात दिसणारं चित्र वाचता येणं हे खरं काम आहे, आणि विदर्भातल्या काळ्या जमिनीत ते वाचताना पाइपाच्या खालच्या मातीकडेही बघावं लागतं. इथल्या कित्येक लाइनी तुंबतात त्या कोणी काही टाकल्यामुळं नाही, तर माती हलल्यामुळं.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार भरपूर असतो. पावसात ही माती पाणी पिऊन फुगते, आणि एप्रिल-मेमध्ये वाळून आकसते. वावरात पडणाऱ्या ज्या भेगांत हात जातो, तशाच भेगा अंगणाखालीही पडतात. पाइप त्याच मातीत पुरलेला असतो. वर्षातून एकदा वर उचलला जातो, एकदा खाली बसतो. दहा वर्षांत असं दहा वेळा झालं की कुठला ना कुठला सांधा सुटतोच. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचावं.

कॅमेऱ्याआधी झाकणं

अर्धं निदान कॅमेऱ्याशिवाय होतं, आणि ते न करता कॅमेरावाल्याला बोलावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. घरापासून टाकीपर्यंत जितके चेंबर आहेत त्यांची झाकणं उघडा. एक चेंबर काठोकाठ भरलेलं आणि त्याच्या पुढचं कोरडं असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या पाइपात आहे. पहिलंच चेंबर कोरडं आणि भांड्यात पाणी तुंबलेलं असेल, तर दोष भांड्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खालच्या वळणात, किंवा तिथून पहिल्या चेंबरपर्यंतच्या तुकड्यात आहे. सगळीच चेंबर भरलेली असतील तर पाइपाला हात लावू नका, आधी टाकी बघा. गावात जिला सरसकट सेफ्टी टँक म्हणतात ती सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांत उपसायला हवी. आपल्याकडे मात्र वास येईपर्यंत तिची आठवण होत नाही. गाळ वर आला की आत येणाऱ्या पाइपाचं तोंड बुडतं आणि मागची सगळी लाइन उलटी भरत जाते. अशा वेळी कॅमेरा घातला तर पडद्यावर नुसतं काळं पाणी दिसेल.

झाकणं उघडून निदान अर्धा तास थांबा. जवळ विडी, काडेपेटी, दिवा नको, कारण आत मिथेन असू शकतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो वास कळेनासा होतो. म्हणून ‘आता वास येत नाही, म्हणजे वायू गेला’ असं समजणं जिवावर बेतू शकतं. वाकून डोकं आत घालू नका. टाकीत तर कोणीही, कुठल्याही कारणानं उतरायचं नाही. काही पडलं असेल तर ते बाहेरून आकड्यानं काढायचं. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवून सफाई करून घेणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. कॅमेऱ्याचा मोठा फायदा हाच, की जे बघायला पूर्वी माणूस आत वाकायचा ते आता बाहेर उभं राहून दिसतं. झाकणं उघडी असेपर्यंत पोरं आणि शेळ्या-वासरं दूर राहतील यासाठी एक माणूस तिथं उभा ठेवा.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर

२०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनमध्ये १२,००० रुपयांच्या अनुदानातून गावोगाव जे संडास बांधले गेले, त्यांत दोन शोषखड्ड्यांचे बरेच आहेत. भांड्यातून निघालेला पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो, तिथून इंग्रजी वायच्या आकारात दोन फाटे फुटतात आणि एकेक फाटा एकेका खड्ड्यात जातो. एक फाटा विटेनं किंवा मसाल्यानं बंद ठेवायचा, खड्डा भरला की दुसरा उघडायचा, आणि भरलेल्या खड्ड्याला निदान वर्ष-दीड वर्ष विश्रांती द्यायची. तोवर आतल्या मैल्याचं खत होतं.

इथं मोठ्या कॅमेऱ्याची गरज सहसा पडत नाही. सगळी लाइन मिळून आठ-दहा फूट. वाय चेंबरचं झाकण काढून टॉर्च लावला की बहुतेक कळतं. हमखास दिसणारा दोष म्हणजे कोणताच फाटा बंद केलेला नसणं. मग दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतात आणि उपसायला एकही तयार नसतो. दुसरा दोष, बंद करायला ठेवलेली वीट सरकून चालू फाट्यातच अडकलेली असते. मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा इथं पुरतो.

कॅमेऱ्याचे प्रकार, आणि बोअरवाल्याचा कॅमेरा का चालत नाही

घरगुती लाइनीसाठी लागतो तो ढकलायचा कॅमेरा. फायबरची एक लवचीक पण ताठ दांडी असते, ती चाकासारख्या चौकटीवर गुंडाळलेली असते. लांबी वीस, तीस किंवा पन्नास मीटर. टोकाला स्टीलचं डोकं, साधारण २३ मिलिमीटर जाडीचं, त्यात भिंग आणि भोवती एलईडी दिव्यांची कडी. काचेवर चरे पडू नयेत म्हणून भिंग कठीण काचेचं असतं. दुसऱ्या टोकाला सात इंचाच्या आसपास पडदा, रेकॉर्डिंगची सोय, आणि दांडी किती आत गेली ते मीटरमध्ये दाखवणारा आकडा. बोलावण्याआधी चार गोष्टी विचारा : दांडी किती मीटरची, पडद्यावर मीटर दिसतो का, कॅमेऱ्याच्या डोक्यात जमिनीवरून जागा कळवणारा ट्रान्समीटर आहे का, आणि रेकॉर्डिंग देणार का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा.

मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा ऑनलाइन हजार-दोन हजारांच्या आत मिळतो. डोकं साडेपाच ते आठ मिलिमीटरचं, वायर पाच किंवा दहा मीटर. चेंबरपासून भांड्यापर्यंतचा तुकडा, मोरीची जाळी, भिंतीतून बाहेर पडणारा सांधा एवढं बघायला तो बरा. त्याची वायर चार इंची पाइपात तीन-चार मीटरच्या पुढं ढकलली की वळवळते आणि दुमडते. यावर एक उपाय आहे : विजेच्या फिटिंगचा ताठ पाइप किंवा बांबूची लांब कामटी घ्या, वायर तिला दर हातावर टेपनं बांधा, आणि कामटी ढकला. सरळ लाइनीत सात-आठ मीटरपर्यंत असं जाता येतं. दिव्यांचा उजेड मात्र कमी पडतो, कारण चार इंची पाइपासाठी ते दिवे बनवलेलेच नसतात.

गावात बोअर तपासणारा कॅमेरावाला ओळखीचा असतो, म्हणून बरेच जण त्यालाच विचारतात. त्याचा कॅमेरा स्वतःच्या वजनानं सरळ खाली उतरतो. मऊ केबलवर टांगलेला असल्यामुळं आडव्या पाइपात तो ढकलता येत नाही. त्याहून मोठं कारण वेगळं आहे. मैल्याच्या पाइपात गेलेला कॅमेरा पुन्हा पिण्याच्या पाण्याच्या बोअरमध्ये किंवा विहिरीत कधीही जाता कामा नये. हे त्याला स्पष्ट सांगा, आणि तुमच्या बोअरमध्ये कॅमेरा सोडायला कोणी आला तर तो आधी कुठं वापरला हेही विचारा.

आत कुठून आणि कसा घालायचा

भांड्यातून घालू नका. भांड्याच्या खालचा ट्रॅप असा वळतो की २३ मिलिमीटरचं डोकं त्यात अडकतं, आणि जोर केला तर ट्रॅप तडकतो. चेंबरमधून दोन्ही दिशांना बघता येतं, म्हणून चेंबर सगळ्यात सोयीचं. चेंबरच नसेल, आणि गावात अशी घरं पुष्कळ आहेत, तर डोअर बेंडचं, म्हणजे उघडता येणाऱ्या वळणाच्या तुकड्याचं, झाकण उघडा किंवा टाकीच्या झाकणातून आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडात कॅमेरा बाहेरूनच सोडा. तेही नसेल तर एकदाच चेंबर बांधून घेणं फायद्याचं. भिंतीपासून तीन-चार फुटांवर एक चेंबर असलं की पुढची वीस वर्षं आत बघायची वाट मोकळी राहते.

लाइन पाण्यानं भरलेली असेल तर आधी पाणी उतरवावं लागतं. कामटीनं किंवा स्प्रिंगच्या तारेनं अडथळ्याला छिद्र पाडा, पाणी वाहू द्या. पण एक लक्षात घ्या : जोराच्या पाण्याच्या मशीननं सगळं धुऊन काढलं तर अडथळा कशाचा होता हे कधीच कळणार नाही. जमलं तर कोरड्या बाजूनं, म्हणजे टाकीकडून वर कॅमेरा न्या आणि अडथळ्याचं तोंड आधी बघा. मगच फोडा. नंतर दोन-तीन बादल्या पाणी सोडून लाइन धुवा आणि पुन्हा बघा. पहिल्या फेरीत अडथळा दिसतो, तो तिथंच का अडला हे दुसऱ्या फेरीत दिसतं.

दांडी हातभर हातभर ढकलायची, एका दमात नाही. पंचेचाळीस अंशांची वळणं कॅमेरा सहज पार करतो. नव्वद अंशांच्या अरुंद वळणाशी अडला तर मागे घेऊन, दांडी थोडी पिळून पुन्हा लावायची. अडल्यावर जोर केला की सहा इंची पाइपात दांडी स्वतःवरच वळते आणि काढायला दुप्पट त्रास होतो. आत जाताना फक्त अंदाज घ्या. खरं बघणं बाहेर ओढताना, कारण तेव्हा कॅमेरा एकसारखा चालतो. मिनिटाला चार-पाच मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि प्रत्येक सांध्याशी थांबा. रेकॉर्डिंग चालू असताना तोंडानं बोलत राहा : ‘चेंबर एक, टाकीकडे, सहा मीटर, सांधा’. नंतर तेच रेकॉर्डिंग बघणाऱ्याला मग काही विचारावं लागत नाही.

हिवाळ्यातल्या सकाळी गार कॅमेरा पाइपाच्या दमट हवेत गेला की भिंगावर धुकं धरतं. कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवून ठेवला की ते जातं. भिंगावर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुसून घेतला तर पाण्याचे थेंबही चिकटत नाहीत. उन्हाळ्यात अडचण उलटी : उन्हात पडद्यावर काहीच दिसत नाही. डोक्यावरून पडद्यापर्यंत दुपट्टा ओढून घ्यायचा, हाच त्यावर इलाज.

पडद्यावर काय दिसतं

पाइपाचं गोल तोंड घड्याळासारखं समजा. माथा म्हणजे १२, तळ म्हणजे ६. ‘तडा १० वाजता’ म्हटलं की तो डाव्या बाजूला वर आहे. पण साध्या कॅमेऱ्याचं डोकं आत जाताना फिरतं आणि चित्रही त्याच्यासोबत फिरतं. म्हणून पडद्याचा वरचा भाग म्हणजे पाइपाचा माथा असं धरू नका. पाणी जिकडं साचलंय तो तळ. हे विसरून माथ्याचा तडा तळाला सांगितला जातो, आणि दुरुस्ती चुकते.

सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे झोल. पाइपाखालची माती बसली की पाइपाला पोट येतं. पडद्यावर ते असं दिसतं : कॅमेरा कोरड्या तळावरून सरकतोय, पाण्याची बारीक चीर दिसतेय. मग ती चीर रुंद होत जाते, पाण्याची रेघ भिंगाच्या मधोमध येते, चित्र हलू लागतं, आणि कॅमेरा पूर्ण बुडतो. आता नुसता पिवळसर गढूळपणा, त्यात तरंगणारे कण. दोन मीटरनंतर पाण्याची रेघ पुन्हा वरून खाली उतरते आणि कोरडा पाइप दिसतो. पाणी सुरू झालं तो मीटर आणि संपलं तो मीटर, दोन्ही लिहून घ्या, तेवढा झोल. पाइपाच्या पाव भागाहून कमी पाणी साचत असेल आणि लाइन तुंबत नसेल, तर आमच्या मते त्याला हात लावू नये. अर्धा पाइप किंवा त्याहून जास्त पाणी कित्येक फूट उभं राहत असेल, तर मैला तिथं बसणारच आणि नुसत्या सफाईनं दर दोन महिन्यांनी तेच होईल.

इथं एक फसगत होते. पुढं अडथळा असला तरी मागे पाणी साचतं आणि ते झोलासारखंच दिसतं. म्हणून अडथळा काढून, पाणी सोडून, दहा मिनिटं थांबून जे पाणी उरेल तोच झोल.

दुसरी जागा घराच्या भिंतीलगतची. भिंत पायावर उभी असते, ती फारशी हलत नाही. तिच्यातून बाहेर पडलेला पाइप मातीत असतो, तो हलतो. त्यामुळं भिंतीपासून पहिल्या तीन फुटांत पाइप तुटणं किंवा सांधा खाली बसणं काळ्या जमिनीत फार सापडतं. टाकीच्या भिंतीशीही तसंच. कॅमेऱ्यात सरकलेला सांधा अर्धचंद्रासारखा दिसतो : पुढच्या पाइपाची कड एका बाजूनं आत आलेली, दुसऱ्या बाजूला काळी फट. त्या कडेवर कापड, केस, नारळाच्या शेंडीचा काथ्या लटकलेला असतो. फटीतून मातीची काळी धार आत आलेली दिसली तर समजा, बाहेर पाइपाखाली पोकळी होतेय आणि वरची फरशी एक दिवस खचणार आहे.

मुळं ओळखायला सोपी. सांध्याच्या माथ्यापासून, अकरा ते एकच्या मध्ये, ओल्या केसांसारखी बारीक तपकिरी मुळं खाली लोंबतात. जुनी झाली की घोड्याच्या शेपटीसारखा झुबका होतो आणि त्यात सगळं अडकतं. पिंपळ, वड, उंबर यांची मुळं यात पुढं, पण अंगणातला कडुनिंबही मागे नाही. मूळ धड पाइप फोडत नाही. सांध्यातून झिरपणाऱ्या ओलीकडं ते उन्हाळ्यात वळतं आणि फटीतून आत शिरतं. म्हणून मुळं दिसली की दोष झाडात आहे असं म्हणून झाड तोडायला जाऊ नका. सांधा गळतोय हे आधीचं दुखणं आहे. जुन्या घरांतल्या चिनी मातीच्या पाइपांत दर दोन-अडीच फुटांवर सिमेंटचा सांधा असतो, त्यामुळं तिथं मुळांना वाटाही जास्त.

नव्या घरात पहिल्याच वर्षी लाइन तुंबली तर तळाला करडा, खडबडीत थर शोधा. बांधकाम संपताना घमेली, थापी, फरशीचा घोळ भांड्यातच धुतलेला असतो. तो सिमेंटचा माल तळाला बसून घट्ट होतो, आणि तिथं पाइप चार इंचांचा अडीच इंच उरतो. हा थर पाण्यानं निघत नाही, तेवढा तुकडा बदलावा लागतो.

पाइप गोल न दिसता चपटा, आडव्या अंड्यासारखा दिसला तर वरून वजन गेलंय. दारापुढून कापसाची, सोयाबीनची भरलेली ट्रॉली जाते, आणि खाली पैसे वाचवायला शेतीचा पातळ पाइप टाकलेला असतो. घुशीचं काम वेगळं दिसतं : पाइपाला भोक, आणि तळाशी मातीचा छोटा ढीग, जो धुतला तरी आठवड्यात परत येतो.

उरलेलं सगळं आपण टाकलेलं. खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या आपल्याकडच्या पाइपांत जितक्या सापडतात तितकं दुसरं काही क्वचितच. पन्नी कुजत नाही, सांध्याच्या कडेला चिकटते, मागून येणारं सगळं धरून ठेवते. सॅनिटरी पॅडही असाच अडकतो, पाणी पिऊन फुगतो. मोरीचं पाणी त्याच लाइनीत सोडलं असेल तर राखेनं घासलेल्या भांड्यांची राख आणि रेती तळाशी सपाट थर करून बसते. तो कॅमेऱ्यात गुळगुळीत, करड्या वाटेसारखा दिसतो. मोरीचं पाणी संडासाच्या टाकीत सोडूच नये. त्यासाठी वेगळा शोषखड्डा आणि आधी गाळ बसायला छोटं चेंबर हवं.

दोष जमिनीवर कुठं येतो

पडद्यावर ७.३ मीटर दिसलं, म्हणून चेंबरच्या काठापासून सरळ ७.३ मीटर मोजून खोदू नका. दांडी चेंबरमध्ये खाली उतरते ते अंतर वजा करायचं, म्हणजे मोजणी पाइपाच्या तोंडापासून धरायची. पडद्यावरचा आकडा तिथं शून्य करता आला तर उत्तम. लाइन वळत असेल तर वळणावरून मोजायची. दांडी पाइपात थोडी नागमोडी जाते, त्यामुळं खरं अंतर आकड्यापेक्षा जरा कमीच निघतं.

डोक्यात ट्रान्समीटर असलेला कॅमेरा हे काम सोपं करतो. तो सहसा ५१२ हर्ट्झचा संकेत सोडतो, आणि वर हातात धरलेला लोकेटर तो पकडतो. लोकेटर पाइपाच्या दिशेनं हळूहळू नेला की आवाज वाढत जातो, एका जागी सगळ्यात मोठा होतो, पुढं गेलं की कमी होतो. त्याच जागी लोकेटर आडव्या दिशेनंही फिरवून बघायचा. खोलीही कळते. सळईच्या स्लॅबखाली किंवा जवळ विजेची केबल असेल तर आकडा चुकू शकतो, म्हणून खात्रीसाठी कॅमेरा तिथं दोनदा नेऊन बघा. खूण चुन्यानं करा, खडूची पुसली जाते.

कॅमेऱ्याला न दिसणारं

कॅमेरा पाइपाची आतली बाजू दाखवतो, एवढंच. केसासारखा तडा गळतोय की नाही, हे चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी खालचं तोंड बोळ्यानं बंद करायचं, वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरायचं, खूण करायची आणि पंधरा मिनिटांनी बघायचं. पाणी उतरलं तर गळती आहे. संडासाचं पाणी नालीत किंवा विहिरीकडे जातंय असा संशय असेल तर भांड्यात कपड्याची नीळ घोळून चार बादल्या पाणी सोडा आणि कुठं निळं निघतं ते बघा.

उतारही कॅमेरा मोजत नाही. चार इंची पाइपाला चाळीसास एक ते साठास एक उतार हवा, म्हणजे दहा फुटांना तीन ते दोन इंच. तो मिस्त्रीच्या लेव्हल पाइपनं दोन चेंबरांच्या तळांमध्ये मोजायचा. टाकीत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्यापेक्षा दोन-तीन इंच वर असायला हवा. हे उलटं झालेलं असेल तर बाकी सगळं ठीक असूनही लाइन भरत राहते.

आणि पावसाळा. ऑगस्टमध्ये संडास तुंबतो, नोव्हेंबरमध्ये आपोआप सुरू होतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच, अशी तक्रार असेल तर पाइप बहुधा निर्दोष आहे. ओली काळी माती पाणी शोषत नाही, शोषखड्डा भरून राहतो, टाकी उलटी भरते. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात निचरा मुळातच वाईट, तिथं हे जास्त. कॅमेरा अशा दिवसांत घातला तर अख्खी लाइन बुडालेली दिसते आणि कोणीतरी तिला झोल म्हणून पंधरा फूट खोदायला लावतो. जमलं तर लाइन मे महिन्यात एकदा आणि पावसाच्या मध्यात एकदा बघा. मेमध्ये सांध्यांच्या फटी उघड्या दिसतात, पावसात शोषखड्ड्याची स्थिती कळते.

दुरुस्ती करताना

दोषाच्या जागेपासून दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जास्त खोदा. खराब तुकडा कापून नवा टाकताना पाइपावर आयएस १३५९२ आणि ‘टाइप बी’ छापलेलं बघून घ्या. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो, तो मैल्याला वापरू नये. काळ्या जमिनीत चिकटवलेल्या सांध्यापेक्षा रबरी रिंगचा सांधा बरा, कारण तो थोडा सरकू शकतो. चर सहा इंच जास्त खोल घ्या, तळाला चार ते सहा इंच रेती किंवा बारीक मुरूम धुमसून भरा, पाइपाच्या दोन्ही बाजूंना आणि वरही तेच. निघालेली काळी माती पाइपाला लागू देऊ नका. पाइपावर सिमेंटचा लेप देऊन मजबुती आणायची सवय आहे, पण हलणाऱ्या मातीत तो लेप तडकतो आणि पाइपालाही घेऊन तडकतो. गाडी जाणार असेल तर पाइपाच्या पाठीवर निदान तीन फूट भराव हवा.

मुळं मारायला मोरचूद ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्यांच्या बागायतदारांकडे बोर्डो या बुरशीनाशकासाठी मोरचूद घरातच असतं, त्यामुळं तो मोह जास्त. सेप्टिक टँकच्या लाइनीत ते ओतू नका. टाकीत मैला कुजवणारे जिवाणू त्यानं मरतात, आणि शोषखड्ड्यातून तांबं जमिनीत जातं. अॅसिडचंही तेच. मुळं कापायची, सांधा बदलायचा, एवढाच खात्रीचा मार्ग.

नवा पाइप बसल्यावर चर बुजवायच्या आधी कॅमेरा पुन्हा एकदा फिरवा, आणि दोन बादल्या पाणी सोडून ते कुठं थांबतं का बघा. मग कॅमेरा आणि दांडी साबणानं धुऊन ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसा, हातमोजे काढून हात कोपरापर्यंत धुवा. रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये ठेवा. एका कागदावर घराचा कोपरा, चेंबर, टाकी, त्यांच्यातलं अंतर आणि पाइपाची खोली लिहून तो घराच्या कागदपत्रांत ठेवा. पाइप भिंतीबाहेर जिथं निघतो तिथं भिंतीवर रंगानं एक बाण आणि खोलीचा आकडा काढून ठेवा.